शिरूर-दौंडच्या उन्हात बर्फाचा उतार: गैरसमज आणि वस्तुस्थिती

एप्रिल लागला की शिरूर-दौंड पट्ट्यात पारा चाळिशीला टेकतो. नेमक्या त्याच दिवसांत दुबईच्या मॉलमध्ये बर्फावरून घसरणाऱ्या माणसांचे व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागतात आणि प्रश्न निघतो: हे आपल्याकडे का होऊ नये? घोड नदीच्या काठी किंवा भीमेच्या खोऱ्यात आज असे स्की केंद्र नाही. तरीही प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पुण्याहून अहिल्यानगरकडे आणि सोलापूरकडे जाणारे दोन मोठे रस्ते या तालुक्यांतून जातात, रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती आहेत, जमीन शहरापेक्षा स्वस्त आहे. उद्या कुणी आराखडा घेऊन आलाच तर वाद रंगेल तो बहुधा उन्हावर. तिथेच गफलत आहे.

“चाळीस अंशांत बर्फ टिकणारच नाही.”

हा समज अनुभवातून आलेला आहे. रसवंतीवर पोत्यात गुंडाळलेली लादी बघता बघता निम्मी होताना सगळ्यांनी पाहिली आहे. पण लादी वितळते ती पोते अपुरे पडते म्हणून. १८३३ मध्ये ‘टस्कनी’ नावाचे जहाज बोस्टनहून १८० टन नैसर्गिक बर्फ घेऊन निघाले आणि विषुववृत्त दोनदा ओलांडून चार महिन्यांनी कोलकात्याला पोचले. तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शाबूत होता. जहाजावर एकही यंत्र नव्हते. होता तो भुसा आणि हवा न शिरू देणारी बांधणी. आजच्या कोल्ड स्टोरेजच्या भिंतींत वापरले जाणारे पफ पॅनेल त्या भुशापेक्षा कितीतरी सरस आहे. समजा अडीच एकर जागेचा हॉल आहे, आत उणे दोन अंश आणि बाहेर अडतीस. छप्पर, भिंती आणि जमीन मिळून २५ हजार चौरस मीटरचे कवच धरले तर चांगल्या पॅनेलमधून आत झिरपणारी उष्णता साधारण दीडशे किलोवॅट भरते. एवढी उष्णता दीड टनी तीसेक एसी बाहेर फेकू शकतील. उन्हात तापलेल्या पत्र्यामुळे त्यात आणखी भर पडेल, पण दुहेरी छप्पर आणि मधून खेळती हवा हा त्यावरचा जुना उपाय आहे. दुबईतील हॉल २००५ पासून चालू आहे आणि तिथला उन्हाळा शिरूरपेक्षा कडक असतो. बर्फ टिकतो की नाही, हा प्रश्न निकाली निघालेला आहे.

“खरा त्रास उन्हाळ्यात, पावसाळ्यात यंत्रांना विसावा मिळेल.”

बाहेर गार वाटते म्हणजे आतल्या यंत्रांवरचा भार हलका, असा हा हिशेब. तो अर्धाच बरोबर आहे, कारण त्यात हवेतले पाणी धरलेले नाही. बंद हॉलमध्ये माणसे असली की ताजी हवा आत घ्यावीच लागते. ती गार करायची म्हणजे तिच्यातली वाफही काढून टाकायची, आणि वाफेचे पाणी होताना मोठी उष्णता बाहेर पडते. शिरूरच्या मे महिन्यातील दुपार ४० अंश आणि २० टक्के आर्द्रतेची धरा. जुलैची २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेची. दोन्हीकडची एक-एक किलो हवा उणे दोन अंशांवर आणायची झाली, तर जुलैच्या हवेतून सुमारे तीस टक्के जास्त उष्णता काढावी लागते. शिवाय ती वाफ शीतनळ्यांवर गोठून बसते, मग नळ्या वारंवार वितळवून साफ कराव्या लागतात. हॉलमध्ये धुके साठते, छतावरून थेंब गळतात आणि उतारावर कडक खपल्या धरतात.

यंत्रांनी गोळा केलेली उष्णता बाहेर सोडणारे कूलिंग टॉवरही कोरड्या हवेत जास्त चांगले चालतात. माठातले पाणी वैशाखात थंडगार असते आणि श्रावणात नुसतेच ओले, तोच हा नियम. म्हणजे वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा शिरूर-दौंडचा कोरडा मुलूख या बाबतीत मुंबईपेक्षा किंवा घाटमाथ्यापेक्षा यंत्रांना मानवणारा आहे. दुष्काळी म्हणून ज्या हवेला नावे ठेवली जातात, तिची ही बाजू सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

“बर्फाच्या तोफा विकत मिळतात, मग हॉल कशाला? एखाद्या टेकडीवरच उतार करावा.”

या समजाला खतपाणी घालणाऱ्या गोष्टी तीन. युरोपातील डोंगरांवर तोफांतून बर्फ उडतो, ते टीव्हीवर दिसते. याच भागात गारपीट झाली की शेते काही काळ पांढरी होतात. आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे इथे चांगलीच हुडहुडी भरते. पण त्या तोफा पाण्याचे बारीक तुषार हवेत उडवतात आणि ते तुषार आपोआप गोठावे लागतात. त्यासाठी आर्द्रतेचा विचार करून मोजलेले तापमान, म्हणजे ओल्या फडक्याच्या तापमापीवरचे, साधारण उणे दोनच्या खाली हवे. दौंडची कडाक्याची पहाटही तिथवर पोचत नाही. आणि गारपिटीतली गार जमिनीवर तयार होत नाही. ती ढगात, कित्येक किलोमीटर उंचीवर घडते आणि वितळण्याआधी खाली येऊन पोचते, इतकेच.

कोणत्याही हवामानात बर्फ बनवणारी यंत्रे आहेत, हे मात्र खरे. दक्षिण आफ्रिकेतील खोल सोन्याच्या खाणी गार ठेवण्यासाठी वापरलेले इस्रायली तंत्र पुढे आल्प्समधील स्की उतारांवर आले. निर्वात पेटीत पाण्याचा काही भाग उकळू द्यायचा आणि उरलेला गोठवायचा, अशी त्याची रीत आहे. बाहेर कितीही ऊन असो, त्यातून बर्फ निघतो. अडचण पुढे येते. उघड्या उतारावर मे महिन्यातील गरम वारा आणि ऊन मिळून दर चौरस मीटरमागे रोज पन्नास किलोहून अधिक बर्फ सहज वितळवतील. सहा हजार चौरस मीटरच्या माफक उतारासाठी हे रोजचे तीनशे टन होतात. एक टन बर्फ बनवायला साठ युनिट धरले तरी अठरा हजार युनिट रोज खर्चायचे, तेही फक्त काल होता तेवढा बर्फ आज ठेवण्यासाठी. हिमालयातील औली समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटरहून उंच आहे. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी तिथे कृत्रिम बर्फाची यंत्रणा बसवली गेली. तरीही २०२३ मध्ये बर्फ पुरेसा नाही म्हणून तिथल्या राष्ट्रीय स्पर्धा रद्द कराव्या लागल्या. जे औलीला उघड्यावर साधत नाही, ते मलठणच्या माळावर साधणार नाही.

“तालुक्याचे सगळे पाणी बर्फात जाईल.”

ज्या गावात मार्चपासून टँकरची वाट पाहिली जाते, तिथे ही भीती वाटणे स्वाभाविक आहे. चासकमान, डिंभे किंवा खडकवासल्याचे आवर्तन चार दिवस लांबले तर काय होते, हे इथल्या शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. तरी आकडे पाहावेत. दुबईतील हॉलमध्ये दररोज सुमारे तीस टन ताजा बर्फ पाडला जातो, असे सांगितले जाते. तीस टन बर्फ म्हणजे तीस हजार लिटर पाणी. दहा हजार लिटरचे तीन टँकर. वितळलेले पाणी गोळा करून पुन्हा वापरता येते, कारण ते कुठे मुरत नाही. खरे पाणी जाते ते छपरावर. यंत्रांची उष्णता सोडताना कूलिंग टॉवरमधून रोज आणखी चाळीस-पंचेचाळीस हजार लिटर वाफ होऊन किंवा निचऱ्यात जाईल, आणि हे पाणी परत मिळत नाही. दोन्ही मिळून वर्षाला पावणेतीन कोटी लिटरच्या आसपास होतात. पाटाने भिजवलेला एक हेक्टर अडसाली ऊस जवळपास तेवढेच पाणी पितो. ज्या दौंड तालुक्यात उसावर साखर कारखाने आणि इतकी गुऱ्हाळे चालतात, तिथे अडीच एकर उसाएवढ्या पाण्याने नदी आटणार नाही.

मात्र एक गोष्ट आकड्यांनी सुटत नाही. मे महिन्यात गावात टँकर एक दिवसाआड येत असेल आणि शेजारच्या फाटकातून रोज सात-आठ टँकर आत जात असतील, तर लोक संतापतील आणि त्यांचा संताप चुकीचा ठरणार नाही. पाण्याचे प्रमाण आणि पाण्याची पाळी हे वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर यंत्रशास्त्राकडे नाही. औद्योगिक वसाहतीतील प्रक्रिया केलेले सांडपाणी कूलिंग टॉवरसाठी घेणे हा एक रास्त मार्ग आहे, पण तो आराखड्यातच असावा लागतो.

“वीजबिलच प्रकल्प बुडवील.”

घरात एक एसी लावला की बिल कसे उडी मारते, हे माहीत असलेल्या प्रत्येकाला असेच वाटणार. पण वरचाच हॉल घेऊन बेरीज करू. बर्फ बनवणे, भिंतींतून येणारी उष्णता, ताजी हवा, माणसांच्या अंगाची ऊब, दिवे, पंखे, उतारावर वर नेणारे पट्टे असे सगळे धरून रोजचे आठ ते दहा हजार युनिट होतील. व्यापारी दराने बारा रुपये युनिट धरले तर दिवसाला एक लाख वीस हजार रुपये. आकडा मोठा आहे, पण एका माणसाचे हजार रुपयांचे तिकीट धरले तर रोज १२० माणसांत वीजबिल सुटते.

आता दुसरे बिल. इमारत, यंत्रे आणि जमीन मिळून दोनशे कोटी लागले असे गृहीत धरा आणि त्यावर दहा टक्के व्याज. ते वर्षाला वीस कोटी, दिवसाला जवळपास साडेपाच लाख होते. विजेच्या साडेचार पट. बर्फ बनवणे बंद ठेवून वीज वाचवता येते, व्याज थांबत नाही. ते सोमवारीही चढते, दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळातही चढते आणि रस्ता पाण्याखाली असतानाही चढते. नुसते व्याज भरायला रोज साडेपाचशे तिकिटे हवीत. पगार, दुरुस्ती, जॅकेट-बुटांची धुलाई, विमा आणि मुद्दल हे सगळे त्यानंतर.

सौर ऊर्जेने वीज ‘फुकट’ होईल, हाही याच समजाचा धाकटा भाऊ. एक मेगावॉटचे पॅनेल रोज साधारण चार हजार युनिट देतात आणि चार-पाच एकर व्यापतात. म्हणजे दहा-बारा एकर पॅनेल लागतील. त्यांचेही कर्ज असतेच.

“दुबईत चालले म्हणजे कुठेही चालेल.”

दुबईचा दाखला खोटा नाही, पण अपुरा आहे. तिथला हॉल साडेबावीस हजार चौरस मीटरचा असून सर्वांत लांब उतार ४०० मीटरचा आहे. तो एका अवाढव्य मॉलला चिकटलेला आहे, आणि त्या मॉलमध्ये जगभरचे पर्यटक हॉल नसता तरी आलेच असते. अनेकांना स्की करायचीही नसते. २०१२ पासून तिथे पेंग्विन ठेवले आहेत, ते पाहायला येणारेही असतात. उकाडा तिथे शत्रू नाही, ग्राहक आत ढकलणारा मदतनीस आहे. तेवढा मदतनीस शिरूरलाही मिळेल. मॉल, विमानतळ आणि आठवडाभर मोकळे असलेले पर्यटक मिळणार नाहीत.

उलट बाजूचे उदाहरण जपानचे आहे, आणि ते दुबईइतके सांगितले जात नाही. टोकियोजवळच्या फुनाबाशी शहरात १९९३ मध्ये प्रचंड बंदिस्त स्की उतार उघडला. उतार सुमारे ४९० मीटर लांब, खर्च ४० अब्ज येन. आजूबाजूला तीन कोटींहून अधिक वस्तीचे महानगर, आणि स्कीचे वेड असलेला देश. ग्राहकाला स्की म्हणजे काय हे शिकवण्याची गरजच नव्हती. तरी २००२ मध्ये तो बंद पडला. जपानची आर्थिक भरभराट ओसरली होती आणि १९९० पासून बुलेट ट्रेनच्या स्थानकालाच लागून असलेले गाला युझावा हे खरे स्की केंद्र टोकियोहून दीड तासाच्या आत गाठता येत होते. फुनाबाशीचा बर्फ शेवटच्या दिवसापर्यंत उत्तम होता. चीनमधील ग्वांगझू हे उष्ण, दमट शहर. तिथे २०१९ मध्ये असा हॉल उघडला, बर्फाचे काही बिघडले नाही, पण त्याची मालक असलेली सुनाक ही बांधकाम कंपनी २०२२ मध्ये कर्जफेड चुकवून बसली. ही उदाहरणे शेजारी ठेवली की तापमापीपेक्षा कर्जाची वही जास्त बोलते.

“खोपोलीला आहेच की, मग शिरूरला का नाही?”

खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानात आहे ती बर्फात खेळण्याची जागा. कुर्ल्याच्या फिनिक्स मॉलमध्ये झालेला ‘स्नो वर्ल्ड’ही त्याच जातीचा. जॅकेट भाड्याने घ्यायचे, ठरावीक वेळ बर्फाचे गोळे मारायचे, छोट्या घसरगुंडीवरून यायचे आणि बाहेर पडायचे. खरी स्की करायला लांब एकसंध उतार लागतो, म्हणजे अनेक मजल्यांच्या उंचीची तिरकी इमारत, आणि गरम व्हायला आतुर असलेली तेवढी हवा. फोटोत दोन्हीकडचा बर्फ सारखाच पांढरा दिसतो, म्हणून ही गल्लत होते.

आणि खोपोलीचे उदाहरण घ्यायचेच तर पुरते घ्यावे. इमॅजिका २०१३ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाजवळ, दोन महानगरांच्या मधोमध सुरू झाले. जागा याहून चांगली मिळणे कठीण. तरी हजार कोटींच्या घरातले कर्ज कंपनीला झेपले नाही. त्यात करोनाची टाळेबंदी आली आणि २०२२ मध्ये मालकी मालपाणी समूहाकडे गेली. उद्यान चालू राहिले, गर्दीही होते. बुडाले ते पहिल्या मालकांचे गणित.

“रांजणगावला गणपतीची गर्दी आयतीच आहे.”

संकष्टीला किंवा सुट्टीच्या दिवशी रांजणगावची रांग पाहिली की हे पटते. पण अष्टविनायकाची यात्रा बहुतेकांची दोन दिवसांत आठ देवळे अशी बांधलेली असते. गाडीत आजी-आजोबा, लहान मुले, डब्यात घरचे जेवण, पुढच्या देवळाची वेळ गाठायची घाई. दर्शन, प्रसाद, पुन्हा गाडी. माणशी हजार रुपये आणि तीन तास यांना त्या वेळापत्रकात जागा नाही. दौंडजवळच्या सिद्धटेकचेही तेच. आणि पुणेकराने मुद्दाम यायचे तर वाघोली-शिक्रापूरची वाहतूक कोंडी ओलांडून यायचे. पहिल्यांदा तो कौतुकाने येईल. पुन्हा येईल का, यावर पाचव्या वर्षीचा ताळेबंद ठरतो.

“फ्रीज इथेच बनतात, तंत्रज्ञ घरचेच.”

एलजी आणि व्हर्लपूल यांचे कारखाने रांजणगावला आहेत, हे बरोबर. पण घरगुती फ्रीजची जोडणी आणि मोठ्या हॉलचे शीतकरण यांत अंतर आहे. उपयोगी पडेल असा अनुभव वेगळ्याच ठिकाणी सापडतो: दूध शीतकरण केंद्रांत, बर्फाच्या कारखान्यांत, कोल्ड स्टोरेजमध्ये, जिथे माणसे वर्षानुवर्षे अमोनियाचे कॉम्प्रेसर सांभाळत आली आहेत.

“उन्हातून थेट बर्फात गेले की न्यूमोनिया होतो.”

सर्दी आणि न्यूमोनिया जंतूंमुळे होतात, तापमानाच्या फरकामुळे नव्हे. समज टिकून राहतो, कारण बंद हॉलमधल्या गर्दीत जंतू खरोखरच पसरतात आणि दोष थंडीला मिळतो. हा समज जुना आहे. १८३० च्या दशकात अमेरिकेचा बर्फ मुंबईत आला तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांच्या मेजवानीत आइस्क्रीम दिले गेले, पाहुण्यांना सर्दी झाली आणि ‘मुंबई समाचार’ने त्याचे खापर त्या परदेशी चिजेवर फोडले, अशी हकिकत मुंबईच्या इतिहासात सांगितली जाते. दमा आणि हृदयविकार असलेल्यांनी मात्र गार, कोरड्या हवेत जाण्याआधी डॉक्टरांना विचारावे. त्यांच्या बाबतीत काळजी खरी आहे.

“नाहीच चालले तर कोल्ड स्टोरेज करता येईल.”

सर्वांत शहाणपणाचा वाटणारा आणि म्हणून सर्वांत धोक्याचा समज हा. शिरूरचा कांदा, दूध आणि भाजीपाला डोळ्यांसमोर असल्यावर वाटते, गार इमारत वाया कशी जाईल? पण साठवणुकीला सपाट जमीन आणि वेगवेगळ्या तापमानाचे लहान कप्पे लागतात. कांद्याला एक तापमान, द्राक्षाला दुसरे, आइस्क्रीमला तिसरे. स्कीचा हॉल म्हणजे एकच तिरका, उंच पोकळ डोलारा. त्यात मांडण्या बसत नाहीत, मालाचा ट्रक आत वळत नाही आणि रिकामी हवा गार ठेवण्याचा खर्च मालाच्या अंगावर येतो. फुनाबाशीच्या मालकांपुढेही हाच प्रश्न होता. त्यांनी ती इमारत पाडली. २००६ मध्ये तिथे आयकियाचे फर्निचरचे दुकान उघडले, सपाट मजल्यांचे.